सातवीतल्या लेकीला शाळेच्या जंगल शिबिराला पाठवू का? (नागपूर)

अळूवडी | १७ नोव्हेंबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे. शाळेनं १२ ते १५ डिसेंबर असं तीन रात्रींचं निवासी शिबिर ठेवलंय, पेंच व्याघ्र प्रकल्पात, सिल्लारीच्या बाजूला. ६८ मुलं, शाळेचे सहा शिक्षक, बाकी शिबिर घेणारी मंडळी. फी साडेसहा हजार. मोबाइल न्यायचा नाही.

परवा पालकसभा झाली. पाऊण तास पडद्यावर चित्रं दाखवली. झिपलाइन, दोरीची जाळी, कॅम्पफायर, डीजे नाइट आणि शेवटी जबडा उघडलेला वाघ. मी हात वर करून विचारलं, रात्री मुलींना संडासला जायचं झालं तर खोलीपासून किती पावलं? हॉलमध्ये हशा. सर म्हणाले, "मॅडम, सगळी व्यवस्था आहे."

'सगळी व्यवस्था आहे' हे वाक्य मी आजवर दोन लग्नांत आणि एका बाळंतपणात ऐकलंय, तिन्ही वेळा नव्हती.

सासूबाईंना वाघाची काळजी, नवऱ्याला फीची. लेकीला फक्त एवढंच कळतं की तिच्या चारही मैत्रिणी चालल्यात. मला वाघाची भीती नाही. पण ही पोरगी घरातसुद्धा रात्री एकटी उठत नाही, मला हलवून उठवते. तिथे कोणाला हलवणार? ज्यांनी मुलं पाठवली आहेत किंवा नेली आहेत त्यांनी सांगा, शाळेला नेमकं काय विचारू? 'पाठवा हो, काही होत नाही' सोडून.

---

खामल्याचा_भाऊ | १७ नोव्हेंबर, रात्री १०.४१

पाठवा ना जी ताई, काही होत नाही. 😄

काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? आमचं पोट्टं गेलं होतं मागच्या साली. तीन दिवस आंघोळ नाही केली त्यानं, बॅगेतले कपडे जसेच्या तसे घडी घालून वापस आले. माही बायको म्हणे हा गेला होता का नाही नक्की?

---

माजी_मास्तर | १८ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

अळूवडी, तुमचा प्रश्न हसण्यासारखा नाही. त्या सभेत विचारलेला तोच एक कामाचा प्रश्न असावा.

मी बावीस वर्षं मुलं घेऊन हिंडलो. नागझिरा, नवेगाव, बोर, मेळघाट, पेंच. वाघानं कधी त्रास दिला नाही. त्रास दिला तो अंधारानं, थंडीनं आणि मोजणीनं.

मोजणीचं सांगतो, कारण चूक माझीच आहे. बेचाळीस मुलं, संध्याकाळी मुक्कामावर पोचलो, सामान उतरवलं, रांग लावली तर एक्केचाळीस. पुन्हा मोजली. एक्केचाळीस. पुढची वीस मिनिटं मी कसा होतो ते लिहीत नाही. गडी बसच्या मागच्या बाकावर, दोन बॅगांच्या मधल्या फटीत गाढ झोपला होता. आणि ड्रायव्हर बस घेऊन डिझेल भरायला निघायच्या बेतात. तेव्हापासून मी मुलं बसमधून उतरायच्या आत मोजायचो, उतरल्यावर नाही. आणि प्रत्येकाला जोडीदार. आपला जोडीदार दिसत नसेल तर सरांना सांगायचं, एवढाच नियम. बारा वर्षांचं पोर शिक्षकापेक्षा जोडीदारावर जास्त बारीक नजर ठेवतं.

तेव्हा पहिला प्रश्न हा: किती वेळा मोजता आणि कोण मोजतं? नाव घेऊन मोजतात की नुसती डोकी? आम्ही दहा मुलांमागे एक मोठा माणूस धरायचो. तुमच्याकडे ६८ ला सहा म्हणजे थोडं ओढूनताणून आहे. शिबिरवाल्यांची माणसं धरून हिशेब जुळत असेल, पण ती मुलांना नावानं ओळखत नाहीत हे लक्षात ठेवा. २०१६ साली मुरूडच्या समुद्रात सहलीतली मुलं बुडाली, त्यानंतर शाळांच्या सहलींवर बरेच नियम आले. कागदं सगळ्यांकडे असतात. कागद नका मागू, माणूस मागा. 'रात्री अकरा ते पहाटे पाच मुलींच्या खोलीबाहेर कोण जागं असेल? त्या बाईंचं नाव काय?' नाव लगेच सांगितलं तर व्यवस्था आहे. 'कोणीतरी असेलच' म्हणाले तर नाही.

दुसरं, थंडी. लोकांना नागपूर म्हटलं की ऊन आठवतं. २९ डिसेंबर २०१८ ला खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. जंगलात, तेही पाण्याच्या कडेला, शहराहून गारच. मुलं एक फॅशनची जॅकेट घेऊन येतात आणि रात्री कुडकुडतात. कानटोपी, दोन जोड पायमोजे फक्त झोपायला, आणि घरचं जुनं पांघरूण. जुनंच. त्याला घरचा वास असतो, पहिल्या रात्री त्याचा उपयोग होतो.

---

जळकी_तर्री | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.१२

मला एक कळत नाही. डीजेच लावायचा तर वर्धा रोडवर इतकी लॉन आहेत, सिल्लारीपर्यंत सत्तर किलोमीटर कशाला जायचं? व्याघ्र प्रकल्पाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, स्पीकर लावून सातवीची पोरं नाचवायची आणि त्याला 'निसर्ग शिक्षण' म्हणायचं. पुन्हा साडेसहा हजार घ्यायचे.

झिपलाइन इथे शहरात फुटाळा तलावालाही बांधता येईल. जंगलात जाऊन जमिनीपासून वीस फूट वर लटकायचं म्हणजे जंगलाला पाय लागू द्यायचाच नाही, असं काहीतरी ते आहे.

---

खामल्याचा_भाऊ | १८ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

तर्री जळली आज सकाळीच 😄

---

रानवाट | १८ नोव्हेंबर, दुपारी १.५०

मी गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी अशा शिबिरांना स्वयंसेवक म्हणून जातो (पैसे घेत नाही, जेवण घेतो). तर्रीशी सहमत, पण ताई, त्यामुळे नाही म्हणू नका. डीजे रद्द करायला लावा. ते जमतं. पालकांनी मागणी केली म्हणून बहुतेक ठिकाणी तो असतो, पालकांनीच नको म्हटलं तर शिबिरवाल्यांचा खर्च वाचतो, ते खूशच होतात.

कॅम्पफायरबद्दलही विचारा. सिल्लारीचा सगळ्यात मोठा ठेवा आहे तो अंधार. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. एवढं करून जपलेल्या काळोखात आपण जाऊन शेकोटी पेटवणार, आणि तिच्याकडे बघून डोळे दिपलेली मुलं वर बघणार, तर दिसणार काय?

तुमच्या तारखाही नशिबाच्या आहेत. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्कांचा वर्षाव जोरात असतो. नऊच्या सुमारास पूर्वेला मृग वर आलेला असतो, त्याच्या मागून व्याध. मुलांना सतरंजीवर पाठीवर आडवं करायचं, टॉर्च बंद, पंधरा-वीस मिनिटं काही बोलायचं नाही. पहिली पाच मिनिटं खुसखुस चालते. मग कोणीतरी 'ते बघ' म्हणतं आणि मग कोणी बोलत नाही. खर्च शून्य.

आता 'टायगर सफारी'. जिप्सीतून जाणार म्हणजे बहुधा गाभ्यात, राष्ट्रीय उद्यानात जाणार. हे राष्ट्रीय उद्यान १९७५ चं, २५७ चौरस किलोमीटरचं, आणि वाघानं कोणाला वेळ दिलेली नसते. शाळेनं वाघ दाखवायचं कबूल केलं असेल तर मुलं रडत परत येतील, हे मी दर वर्षी बघतो. चितळ दिसला तर 'हं, हरीण', सांबर दिसलं तर 'हं, मोठं हरीण'. वानर झाडावरून पाला पाडतंय आणि खाली चितळं तो खाताहेत, वरच्याला लांबचं दिसतं, खालच्याला वास येतो, दोघं मिळून वाघाची चाहुल घेतात, हे सगळं समोर चाललेलं असतं आणि पोरं विचारतात, सर, वाघ कधी?

म्हणून मी शिबिराच्या लोकांना एकच विचारतो: दिवसात काहीच न करायचा तास कोणता? वेळापत्रक सकाळी पाच ते रात्री दहा गच्च भरलेलं असेल तर ते शिबिर घेणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. मुलं गुंतलेली राहिली की सांभाळायला सोपी. पण रिकाम्या तासातच काय ते होतं. मागच्या वर्षी एका मुलीनं अख्खा तास मुंगीसिंहाच्या खड्ड्याशी काढला. वळचणीखालच्या भुसभुशीत धुळीत नरसाळ्यासारखे रुपयाएवढे खड्डे असतात ना, ते. तळाशी एक अळी धुळीत बुडून बसते, नुसता जबडा वर. मुंगी काठावर आली की घसरते, वर चढायला लागली की ही अळी डोक्यानं धूळ उडवून तिला पुन्हा खाली पाडते. पुढे तिलाच पंख फुटतात आणि ती चतुरासारखी दिसते. हे तिला मी सांगितलं नाही. तिनं गवताच्या काडीनं खड्ड्याची कड हलवली, खालून धूळ उडाली, ती दचकून मागे पडली आणि मग जेवणाची घंटा झाली तरी उठेना.

आणि मनसर ते खवासा या टप्प्यात महामार्ग ४४ वर जनावरांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी बांधकाम केलंय. खालून वाघ गेल्याची छायाचित्रं कॅमेऱ्यात आलीत. बस तिकडून जाणार असेल तर निदान हळू चालवून दाखवा म्हणावं.

---

डॉक्टरीणबाई | १८ नोव्हेंबर, रात्री ११.१५

दवाखाना आटोपून लिहितेय, चुका पोटात घाला.

वाघ, बिबट सोडा. माझा पहिला प्रश्न: मुलं झोपणार कशावर? खाटेवर की जमिनीवर? मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश इतका बारीक की कित्येकांना जागही येत नाही. पहाटे पोटात दुखतं, मळमळतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं आणि घरचे समजतात, रात्रीचं जेवण बाधलं. डिसेंबरच्या थंडीत साप फार हालचाल करत नाहीत, पावसाळ्याइतका धोका नाही, तरी विचारा. खाट असावी, नाहीतर मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली असावी. ही साधी मच्छरदाणी सापालाही अडवते. सकाळी बूट झटकून घालायचे, हे लेकीला घरीच आठ दिवस करायला लावा म्हणजे तिथे हात आपोआप जाईल.

शाळेला असंही विचारा की प्रतिसर्पविष असलेलं सगळ्यात जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, आणि या आठवड्यात ते तिथे आहे का हे फोन करून विचारलंय का. १०८ ला फोन लागेल एवढी रेंज कुठे मिळते ती जागा शिक्षकांना पहिल्याच दिवशी माहीत हवी.

आणखी एक. २०१८ साली नागपूर आणि आसपास स्क्रब टायफस या तापाची साथ आली होती, आठवत असेल. गवतातल्या माइट नावाच्या अगदी बारीक किड्याची पिल्लं चावल्यामुळे होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत जास्त, पण मी डिसेंबरपर्यंत सावध राहते. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, गवतावर थेट बसायचं नाही, सतरंजी टाकायची. (मोज्यात पँट खोचली की मुली 'कसलं दिसतं' म्हणतात. दिसू दे.) आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा: पोरगी जंगलात जाऊन आलीय. अंगावर कुठे काळी खपली दिसते का ते बघा, काखेत, कमरेला, मांडीच्या सांध्यात. वेळेवर कळलं तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, उशीर झाला तर फार महागात पडतो.

दमा, फिट्स, कसली अॅलर्जी असलेल्या मुलांची औषधं शिक्षकांच्या पेटीत नको, मुलाच्या खिशात हवीत. पंप कुलपात आणि किल्ली सरांकडे, असं मी स्वतः पाहिलंय.

---

सखूबाय | १९ नोव्हेंबर, सकाळी ७.४०

सगळ्यांनी सगळं लिहिलं, एक राहिलं. सातवी म्हणजे बारा वर्षं. पाळी.

माझ्या भाचीला पहिल्यांदा आली ती शिबिरातच. ती कोणाला बोलली नाही. दीड दिवस वर्तमानपत्राच्या घड्या करून काढले, कारण सोबत आलेल्या तीन शिक्षकांत बाई एकच आणि त्या बाई गणिताच्या, तोंडानं तिखट. घरी आल्यावर कळलं. ताईनं शाळेत जाऊन विचारलं तर 'तिनं सांगायला हवं होतं.' हो, हवं होतं.

लेकीला आली असो वा नसो, पॅड, जास्तीच्या चड्ड्या आणि कागदी पिशव्या एका काळ्या थैलीत घालून द्या. संडासात झाकणाची कचरापेटी आहे का ते विचारा. आणि बाईंना विचारा की निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या मुलींना एकत्र बसवून पाच मिनिटं त्या हे बोलतील का. बाई लाजत असतील तर तुम्ही जाऊन बोला.

---

अळूवडी | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

सखूबाय, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. धन्यवाद. तिला अजून आलेली नाही. आज बोलते.

---

धंतोलीकर_हल्ली_पुणे | १९ नोव्हेंबर, रात्री ९.२५

हे मी इथे दुसऱ्या कुठल्या नावानं लिहिलं नसतं, आयडी आहे म्हणून लिहितोय.

मी सहावीत असताना शाळेचं शिबिर होतं, दोन रात्री. मला तेव्हाही अंथरूण ओलं करायची सवय होती. घरात सगळ्यांना माहीत, बाहेर कोणाला नाही. मी जाणारच नव्हतो. आईनं सरांना काय सांगितलं, मला आजही माहीत नाही. पहिल्या रात्री एक-दीडला सरांनी खांद्याला हात लावून उठवलं आणि हळूच म्हणाले, "चल रे, सप्तर्षी वर आलेत, बघायचे ना?" बाहेर आलो, कडाक्याची थंडी. सर म्हणाले, आलोच आहोत तर लघवी करून घेऊ, आणि ते स्वतः पलीकडच्या झाडाकडे तोंड करून उभे राहिले. मग उत्तरेकडे बोट करून एकेक तारा दाखवला. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच. त्यांनी कधीही काही विचारलं नाही. दोन्ही दिवस गादी कोरडी.

ते शिबिर कुठलं होतं, काय केलं, काही आठवत नाही. ध्रुव कसा शोधायचा ते आठवतं.

ताई, तुमच्या लेकीची रात्री उठायची गोष्ट तिच्या आवडत्या शिक्षकांना एकट्याला गाठून सांगा. सभेत नको.

---

माजी_मास्तर | २० नोव्हेंबर, सकाळी ५.५०

धंतोलीकर, दर शिबिरात असे दोन-तीन असतातच. रात्री एकला फेरी मारायची ती त्यासाठीच.

---

देवलापारचा | २० नोव्हेंबर, दुपारी ३.३३

बरेच दिवसांपासून नुसता वाचतो, आज लिहितो. माझं गाव तिकडचंच आहे, आता नोकरीनिमित्त नागपुरात असतो.

लहानपणी आमच्या गावावरून शिबिराच्या बसा जायच्या. सगळ्या पोरांच्या डोक्यावर एकसारख्या टोप्या. आम्ही रस्त्याच्या कडेला गुरं घेऊन उभे. खिडकीतून आम्हालाही मोबाइलमध्ये घ्यायचे, चितळासारखं. एकदा एका मॅडमनी थांबून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत इथे?" मी सांगितलं, वाटते. मोहफुलं वेचायला अंधार असताना जातो, तेव्हा वाटते. मॅडमला ते उत्तर आवडलं नाही बहुतेक, त्यांना 'नाही' पाहिजे होतं.

एकाच शाळेची आठवण चांगली आहे. त्यांचे सर दुपारी पोरांना घेऊन आमच्या शाळेच्या मैदानात आले. क्रिकेट झालं. आम्ही जिंकलो, म्हणजे जिंकणारच, खेळपट्टीवर दगड कुठे आहे ते आम्हाला पाठ होतं. नंतर त्यांच्यातल्या एकानं विचारलं, तुम्ही आपसात बोलता ते काय आहे? आमच्या एका पोरानं त्याला गोंडीत आकडे शिकवले. उंदी, रंड, मुंद. बसमध्ये चढताना ती सगळी पोरं ओरडत होती, उंदी, रंड, मुंद.

जंगल म्हणजे रिकामी जागा आहे असं शहरातल्या पोरांना शिकवू नका एवढंच. कुल्लूचं झाड दाखवताना गाइड 'भुताचं झाड, घोस्ट ट्री' म्हणतो, पांढरं खोड चांदण्यात चमकतं म्हणून. त्याचा डिंक काढून घर चालवणारी माणसंही आहेत. तेंदूपत्ता मे महिन्याच्या उन्हात कोण तोडतं, हे सांगायला तिथलाच माणूस लागतो. शाळेला विचारा, गावातलं कोणी मुलांशी बोलणार आहे का? वाढपी म्हणून नाही, सर म्हणून.

---

जळकी_तर्री | २० नोव्हेंबर, दुपारी ३.५१

या प्रतिसादासाठी धागा वर काढला पाहिजे दर महिन्याला.

---

खामल्याचा_भाऊ | २० नोव्हेंबर, संध्याकाळी ६.१०

देवलापारभाऊ, मस्त लिहिलं बापा. आमचं पोट्टं काही शिकून नाही आलं, 'मुंद' तर सोडाच. आता इचारतो त्याले.

---

अळूवडी | २६ नोव्हेंबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

तुमचे प्रतिसाद वाचून एका कागदावर प्रश्न उतरवले आणि तीन आया मिळून शाळेत गेलो. एकटी गेले असते तर पुन्हा 'मॅडम, व्यवस्था आहे' झालं असतं. तिघी म्हटल्यावर खुर्च्या आल्या, चहा आला.

संडास खोलीला जोडून नाहीत, पंचवीसेक पावलांवर आहेत आणि वाटेवर दिवा नाही. हे सरांनाही तेव्हाच फोन करून कळलं. आता तिथे गुडघ्याएवढे, खाली उजेड पाडणारे दिवे लावणार आहेत. रात्री दोन बाई आलटून पालटून जागणार, दोघींची नावं मिळाली. शिक्षक सहाचे आठ झाले. झोपायला लोखंडी खाटा आहेत. डीजे रद्द. (यावर एक बाबा भडकले ग्रुपवर, 'मुलांनी एन्जॉय करायचं की नाही?') शेकोटी मात्र ठेवली आहे, एकच रात्र, पहिली. दुसऱ्या रात्री आकाश. गावातल्या माणसाबद्दल सर म्हणाले, बघतो. ते 'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

पाळीबद्दल बाईंना विचारलं तर त्या एकदम मोकळं बोलल्या, म्हणाल्या, मी दर वर्षी बोलते. म्हणजे मीच उगाच घाबरले होते.

पाठवतेय. नवरा म्हणतो, तुझ्यापेक्षा कमी तयारीत लोक एव्हरेस्टला जातात.

---

रानवाट | २६ नोव्हेंबर, रात्री १०.३०

बॅगेत उघडी संत्री देऊ नका. वानरांना चेन उघडता येते.

---

अळूवडी | १७ डिसेंबर, रात्री ९.५०

आली. आवाज बसलाय, नखांत माती आहे, आणि बूट अजून झटकूनच घालते.

जसं तिनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं तसं लिहिते. बस दोन तास उशिरा पोचली कारण मनसरच्या पुढे टायर पंक्चर. पहिल्या रात्री वरण-भात गार आणि गिझर बंद. तो तीनही दिवस बंदच होता, आंघोळीचं कोणी नाव काढलं नाही. (खामल्याचा भाऊ, तुमच्या मुलाचं कोडं सुटलं.) पहिल्या रात्री खोलीत सहा जणी रडल्या. ही त्यात नव्हती म्हणते. तिच्या मैत्रिणीच्या आईनं सांगितलं, होती.

सफारीत वाघ दिसला नाही. दोन मुलगे चिडून बसमध्ये बसले, जेवायला उतरेनात. सांबराचा 'पोंक' असा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला, गाइडनं जिप्सी थांबवली, इंजिन बंद केलं आणि दहा मिनिटं सगळे श्वास रोखून. काही आलं नाही. पण ही तो आवाज आता घरात काढून दाखवते, दाराआडून, आजीला.

उल्का तिनं एकोणीस मोजल्या, जोडीदारणीनं तेवीस. यावर दोघींचं भांडण झालंय ते अजून मिटलं नाही.

संत्री मी दिलीच होती. वानरानं नेली.

गावातला माणूस सरांनी खरंच आणला. एक आजोबा आले, दोन तास बसले. मुलांनी प्रश्न विचारायचे असं ठरलं होतं, पण आजोबांनीच मुलांना विचारायला सुरुवात केली: तुमच्या घराशेजारी कोणती झाडं आहेत? अडुसष्ट मुलांत मिळून सात झाडं निघाली, त्यात एक मनी प्लांट.

आता मुद्दा. मी विचारलं नव्हतं, तीच काल ताटावर बोलली. दुसऱ्या रात्री तिला जाग आली. जोडीदारणीला उठवलं तर ती उठेना. मग खाटेवर बसून राहिली. बाहेर काहीतरी 'चक्कु चक्कु' ओरडत होतं (रातवा पक्षी असावा का? रानवाट, सांगा). मग टॉर्च घेतला, बूट झटकले, दार उघडलं. बाई बाहेर शाल गुंडाळून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, येऊ का सोबत? ही म्हणाली, नको, तुम्ही इथूनच बघा. गेली आणि आली. "पंचवीस नाही गं आई, एकतीस पावलं आहेत."

एवढं सांगून तिनं कढी मागितली.

---

रानवाट | १७ डिसेंबर, रात्री १०.१४

रातवाच. 'चक्कु चक्कु' बरोब्बर लिहिलंत.

---

खामल्याचा_भाऊ | १७ डिसेंबर, रात्री १०.२०

रोडगे होते का नाही जेवणात?

---

अळूवडी | १७ डिसेंबर, रात्री १०.२६

होते. शेवटच्या दिवशी, कणकेचे गोळे गोवऱ्यांवर, मुलांनीच भाजायला लावले. वांग्याच्या भाजीत तिखट नव्हतं अशी तक्रार आहे.

---

डॉक्टरीणबाई | १८ डिसेंबर, सकाळी ७.३०

तीन आठवडे लक्ष ठेवा. विसरू नका.

---

अळूवडी | ५ जानेवारी, रात्री ९.१५

डॉक्टरीणबाई, आज एकवीस दिवस झाले. ताप नाही, खपली नाही.

आमच्या अपार्टमेंटच्या जिन्याखाली, जिथे मीटरची पेटी आहे, तिथल्या धुळीत तिला तसलेच नरसाळ्यासारखे चार खड्डे सापडलेत. रोज संध्याकाळी काडी घेऊन पालथी पडलेली असते, सोबत खालच्या मजल्यावरची दोन पोरं. झाडूवाल्या मावशींना तेवढा कोपरा सोडा म्हणून सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, सेक्रेटरीसाहेबांना विचारावं लागेल.